बदलीचा मास्तर

त्या हिवाळ्यात मी रोज भल्या पहाटे उठून दाढी करत होतो, इस्त्रीचा शर्ट घालत होतो, टाय बांधत होतो आणि मग कुठेही जात नव्हतो.

परदेशात, एटोबिकोतल्या आमच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये ओट्याजवळ एक उंच स्टूल होतं. त्यावर बसून मी भिंतीवरच्या फोनकडे बघायचो. डबा भरलेला. बूट पुसून दाराशी, नाकं बाहेरच्या दिशेला करून ठेवलेले. बसमार्गांचा नकाशा कोटाच्या खिशात. इतकी तयारी मी माझ्या लग्नातही केली नव्हती. फोन वाजला तर काम, नाही वाजला तर पोरीला शाळेत सोडून परत येऊन टाय सोडायचा. वर्गात पोरीला कुणीतरी विचारलं, तुझे वडील काय करतात? ती म्हणाली, "ही वेअर्स अ टाय."

काम कसलं, तर बदलीवरचं. इथे एखादा मास्तर आजारी पडला, त्याच्या मुलाला ताप आला किंवा त्याला कुठल्या प्रशिक्षणाला जायचं असलं, की त्या दिवसापुरता दुसरा मास्तर बोलावतात. त्याला सप्लाय टीचर म्हणतात. आपल्याकडे मास्तर आला नाही तर शेजारच्या वर्गावरचा मास्तर मधल्या दारात उभा राहून दोन्ही वर्गांना दम देतो आणि काम भागतं. इथे त्यासाठी वेगळा माणूस, आणि त्या माणसाला परवाना. तो परवाना मिळवण्यात माझं अख्खं एक वर्ष गेलं. विद्यापीठाची पाकिटं, त्यांवरचे शिक्के, शिक्के खरे असल्याचे शिक्के. तोवर बायको सॉफ्टवेअरच्या नोकरीत रुळली होती, पोरगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत द्यायला लागली होती. घरात नवीन माणूस असा मी एकटाच उरलो होतो.

नाशिकला मी बरीच वर्षं गणित शिकवलं होतं. तिथल्या शाळेने मला बिनपगारी रजा दिली होती. मुख्याध्यापकांनी जागा राखून ठेवली होती, पण निरोपही धाडला होता की उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काय ते कळवा, नंतर मला थांबता येणार नाही. म्हणजे तोवर इथे धड काम लागलं तर राजीनामा, नाही तर बायको-पोरीला इथे ठेवून एकट्याने परत. आणखी एक वाट होती. माझा एक कॉलेजमित्र ग्वेल्फ गावी बिस्किटांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो दर रविवारी फोन करायचा.

"ये की इकडे. पट्ट्यावरून बिस्किटं जातात, तू फक्त तुटकी बाजूला काढायची."

"मी मास्तर आहे रे."

"मग तेच तर करत होतास इतकी वर्षं. आणि बिस्किटं उलट बोलत नाहीत."

त्याचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो. पण टाय सोडताना रोज मला तो पट्टा दिसायचा.

फोनवर बोलावणं यायचं ते यंत्राकडून. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, अमुक शाळेत अमुक वर्गावर काम आहे, हवं असेल तर एक दाबा. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी स्टुलावरून उतरून उभा राहिलो आणि म्हणालो, "गुड मॉर्निंग, मॅडम. हाउ आर यू?" मॅडमनी आपलं वाक्य पुन्हा म्हटलं. मला वाटलं, माझे उच्चार त्यांना कळले नसावेत. मग मी सावकाश, सुटे सुटे शब्द करून माझी पदवी, अनुभव आणि गणितातली आवड सांगितली. मॅडम शांतपणे "गुडबाय" म्हणाल्या.

आतून बायको ओरडली, "अरे, मशीन आहे ती. एक दाब."

"असेल मशीन. पण आवाज बाईंचा आहे ना?"

"मग दे तिलाच इंटरव्ह्यू," ती म्हणाली आणि ऑफिसला गेली.

पुढे मी एक दाबायला शिकलो. पहिलं काम मिळालं ते बालवाडीत. मला वाटलं, बालवाडी म्हणजे गाणी म्हणायची आणि खाऊ द्यायचा. पण इथे कितीही थंडी असो, मधल्या सुट्टीत पोरांना बाहेर खेळायला सोडतात. त्यासाठी प्रत्येक पोराला कपड्यांवर जाडजूड स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी, आणि सगळ्यांत शेवटी हातमोजे. हा क्रम इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. मला नव्हता. मी शिस्तीत सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि आधी सर्वांना हातमोजे चढवले. आता हातमोजे घातलेल्या पोराला स्वतःची चेन लावता येत नाही, बूट ओढता येत नाहीत, नाकही पुसता येत नाही. वर्गभर पोरं हात पसरून पेंग्विनसारखी उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी गुडघ्यांवर बसून एकेकाच्या चेनी ओढत सुटलो. शेवटच्या पोराची चेन वर सरकली आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली. मग सगळं उलट क्रमाने काढायचं.

दिवस संपल्यावर ऑफिसात सही करायला गेलो तेव्हा मी काउंटरला टेकून मराठीतच पुटपुटलो, "मेलो रे देवा."

काउंटरपलीकडून तितक्याच मराठीत उत्तर आलं, "मास्तर, इथे मरायचं नाही. आधी गळ्यातला पाहुण्याचा बिल्ला परत करा."

शाळेच्या सेक्रेटरीबाई मूळच्या वसईच्या होत्या. लग्न होऊन इकडे आलेल्या, मुलं मोठी झालेली, गळ्यात बारीकसा क्रॉस, आणि अख्खी शाळा त्यांच्या एका भुवईवर चालायची. प्रिन्सिपॉलसुद्धा काही विचारायचं असलं की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. त्यांनी मला चहा दिला. हातमोज्यांची हकीकत सांगितली तर चहाचा कप खाली ठेवून हसल्या.

"आमच्याकडे आंब्याला आधी डहाळी फुटते, मग मोहर. तुम्ही मोहर आधी चिकटवलात. असू द्या. पुढच्या वेळी मशीनच्या आधी मीच तुम्हाला फोन करत जाईन. मराठी बोलायला मिळतं जरा."

असं करत त्या शाळेत माझं येणंजाणं सुरू झालं. कधी चौथी, कधी सहावी, एकदा तर संगीताचा वर्ग. त्यात मी पोरांना ढोल वाजवू दिला आणि पाहुणा मास्तर म्हणून लोकप्रिय झालो. मग एके दिवशी सेक्रेटरीबाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, "मास्तर, नीट ऐका. आठवीच्या बाईंना दिवस गेलेत. मार्चच्या सुट्टीनंतर त्या रजेवर जातायत. जूनपर्यंत त्यांच्या वर्गाला पक्का माणूस लागणार. बाई ज्याचं नाव सांगतील त्यालाच प्रिन्सिपॉल घेतील. या आठवड्यात दोन दिवस त्या ट्रेनिंगला आहेत. तुम्हाला टाकते त्या वर्गावर. विषय गणित. आता तुमचं तुम्ही बघा."

मी घरी उडतच आलो. पक्का वर्ग. तोही गणिताचा. एकदा अशी जागा मिळाली की पुढच्या जागा मिळतात, हे सगळे सांगायचे. मी बायकोला म्हणालो, "आता बघ." ती म्हणाली, "तू 'आता बघ' म्हणतोस तेव्हा मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवीच्या टेबलावर बाईंनी लिहून ठेवलेली सूचना होती. मुलांनी घरून गोल झाकणं आणली आहेत, ती खोक्यात आहेत. दोऱ्याने झाकणांचा घेर आणि रुंदी मोजू द्यावी. जे सापडेल ते त्यांचं त्यांना सापडू द्यावं. काही सांगू नये.

मी हे दोनदा वाचलं आणि मला त्या बाईंची कीव आली. त्यांना वाटलं असेल, बदलीवर येणाऱ्या माणसाला गणित कुठलं येतंय, तेव्हा बिचारा झाकणं तरी मोजून घेईल. पण आज त्यांच्या वर्गावर खरा गणिताचा मास्तर आला होता. ज्या शाळेत मी वाढलो आणि ज्या शाळेत शिकवलं, तिथे मास्तराची लायकी एकाच गोष्टीवर ठरायची, पोर्शन कुठवर आला. तपासणीला साहेब आले तरी तेच विचारायचे. पोर्शन मागे राहिलेला मास्तर स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा. मी मनाशी म्हटलं, बाई परत येतील तेव्हा त्यांचे डोळेच दिपले पाहिजेत.

खोकं मी कपाटावर ठेवलं. फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं. पहिल्या पाच मिनिटांत पाय म्हणजे काय ते सांगून टाकलं, बावीस सप्तमांश. मग परीघ. मग क्षेत्रफळ. मधल्या सुट्टीनंतर वृत्तचितीचं घनफळ. सूत्रं एका सुरात म्हणून घेतली, आधी मुलांकडून, मग मुलींकडून, मग खिडकीकडच्यांकडून, मग दाराकडच्यांकडून. त्या पोरांनी असं कधी केलंच नव्हतं. त्यांना ती मॅचची घोषणाच वाटली. दुसऱ्या दिवशी तर ती टेबलं बडवून "पाय आर स्क्वेअर" म्हणत होती. प्रिन्सिपॉल बाहेरून गेले, काचेतून आत बघून जरा थांबले आणि हलकेच दार ओढून घेऊन गेले. मी ते कौतुक समजलो.

निघताना बाईंच्या टेबलावर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी ठेवली. वर्तुळ संपूर्ण झाले आहे. कृपया कोनांपासून सुरुवात करावी.

त्यानंतर फोन थांबला. सेक्रेटरीबाईंचा तर नाहीच, त्या शाळेकडून यंत्राचाही नाही. मी स्टुलावर बसायचो, उठायचो, फोन उचलून चालू आहे ना ते बघायचो, आणि उचललेला असताना कुणाचा आला तर, म्हणून घाईने ठेवायचो. आंघोळीला जाताना दार उघडं ठेवायचो. ओट्यापासून सोफ्यापर्यंत, सोफ्यापासून ओट्यापर्यंत इतक्या फेऱ्या घालायचो की वर राहणाऱ्या घरमालकिणीने बायकोला विचारलं, खाली कुत्रा ठेवलाय का? एकदा इतरत्र कुठून तरी काम आलं आणि मी ते नाकारलं, कारण त्याच वेळी आपल्या शाळेचा फोन आला असता तर. तोही आला नाही. रविवारी ग्वेल्फचा मित्र म्हणाला, "एक जागा सुटतेय. पुढच्या शनिवारपर्यंत सांग." या वेळी मी हसलो नाही. विचार करतो म्हणालो.

बायको म्हणाली, "अरे, तू तिथे जाऊन विचारत का नाहीस?"

"काय विचारू? तुम्ही माझ्यावर का रुसलात?"

"हो. हेच विचार."

शेवटी बूट घातले आणि गेलो. सेक्रेटरीबाई मला बघून म्हणाल्या, "आलात? मी वाटच बघत होते कधी येताय. मास्तर, तुम्ही त्या बाईंची सगळी मजा घालवलीत हो."

मग कळलं. त्या झाकणांवर बाईंचे पुढचे दोन आठवडे उभे होते. पोरांनी घरोघरून गोळा केली होती, जॅमच्या बाटल्यांची, दह्याच्या डब्यांची, एकाने तर बर्फावरच्या हॉकीची चकती आणली होती. मोजता मोजता त्यांच्या लक्षात यावं की झाकण लहान असो की मोठं, घेर रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्त भरतो. तो क्षण बाईंना बघायचा होता. दर वर्षी त्या त्यासाठीच हा धडा घ्यायच्या. ट्रेनिंगहून येऊन त्यांनी खोकं काढलं तर अख्खा वर्ग टेबलं बडवत ओरडला, पाय आर स्क्वेअर. एक मुलगा म्हणाला, झाकणं कशाला, सरांनी सांगितलंय आता कोनांपासून सुरुवात करायची.

"आणि वर तुमची ती चिठ्ठी," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "कृपया. बाईंनी ती स्टाफरूममध्ये वाचून दाखवली."

"रागावल्या का फार?"

"आधी हसल्या. मग रागावल्या. मग म्हणाल्या, या माणसाला माझ्या वर्गावर पाठवू नका. आता त्या आत एकट्या आहेत. जा. पण सूत्र सांगू नका त्यांना."

आठवीच्या बाई देशाच्या पूर्व टोकाच्या, न्यूफाउंडलंड बेटावरच्या होत्या. तिकडची माणसं इंग्रजी असं बोलतात की पहिलं वाक्य कळेपर्यंत त्यांचं तिसरं संपलेलं असतं. माझ्यासाठी त्या मुद्दाम सावकाश बोलल्या, त्यामुळे प्रत्येक शब्द नीट लागला.

"तुम्ही चांगलं शिकवता," त्या म्हणाल्या. "पंचाईत तीच आहे. माझ्या मुलांना आता सगळं पाठ आहे. त्यामुळे त्यांना काही मोजायचंच नाहीये."

मी म्हणालो, पण ते कधी ना कधी सांगायचंच होतं.

"का?"

 इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी बुटांकडे बघत राहिलो. बर्फाचं पाणी गळून खाली तळं झालं होतं.

"मला एकच बघायचंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला गप्प बसता येतं का. गुरुवारी या. मागच्या बाकावर बसा. मी कोन सुरू करतेय, तुमच्या सूचनेप्रमाणे. दिवसभर एकही उत्तर सांगायचं नाही. जमलं तर मी प्रिन्सिपॉलशी बोलेन. नाही जमलं तर आपण दोघंही मोकळे."

घरी येऊन सांगितलं तर बायको इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सगळी परीक्षा बोलून देतात. तुला न बोलून द्यायचीय. नापासच आहेस तू."

गुरुवार उजाडला. मी मागच्या बाकावर, पोरांच्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन बसलो. बाईंनी पोरांना वाटेल तसे त्रिकोण काढायला सांगितले आणि कोनमापकाने तिन्ही कोन मोजून बेरीज करायला सांगितली. बस, एवढंच. मग त्या खिडकीशी जाऊन पोटावर एक हात ठेवून चहा प्यायला लागल्या. मला तर हुंदका फुटायचाच बाकी होता. एवढा वेळ. एवढे त्रिकोण. एका वाक्यात संपणारं काम. मी हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसलो. दोनदा वॉशरूमला जाऊन आरशात बघून मराठीत "एकशे ऐंशी, एकशे ऐंशी" म्हणून आलो, तेवढंच मोकळं वाटलं.

तासाभरात बहुतेकांचं उत्तर आलं, एकशे ऐंशी. अगदी नेमकं, न कमी न जास्त. मला शंका आली, कारण कोनमापकाने कुणाचं कधी नेमकं येत नाही. मग कानावर आलं, एकाचा मोठा भाऊ नववीत होता. बातमी बाकांखालून फिरली होती.

दातांना तार लावलेली एक मुलगी मात्र एकटीच खरोखर मोजत होती. तिचं एकशे बाहत्तर आलं. तिने दुसरा त्रिकोण काढला. एकशे सत्तर. तिसरा. एकशे त्र्याहत्तर. मी मान लांब करून बघितलं आणि मला एका क्षणात कळलं. प्लॅस्टिकच्या कोनमापकाला खाली एक पट्टी असते, शून्याची रेघ तिच्या वर असते. ही पोरगी रेघ धरायच्या ऐवजी पट्टीची कड धरत होती. बोटभरही नाही, नखभर खाली सरकवायचं होतं. माझं बोट शिवशिवायला लागलं.

आणि ती उठून नेमकी माझ्याकडेच आली.

"सर, माझं एकशे बाहत्तरच्या आसपास येतंय. तीनदा. बाकीच्यांचं एकशे ऐंशी कसं?"

खिडकीपाशी बाईंचा कप ओठांपाशी थांबला. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर नाशिकच्या शाळेचं फाटक, ग्वेल्फचा पट्टा आणि ती प्लॅस्टिकची कड एकत्र आली. घसा खाकरला. पाणी प्यायलो. मग म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ते खोटं बोलतायत," मुलगी म्हणाली.

हे तर खरंच होतं. आणि ती चुकतही होती. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या आणि दोन्ही सांगायच्या नव्हत्या. मी मान हलवली, होकारार्थीही नाही, नकारार्थीही नाही, अशी आपल्याकडचीच मान, जिचा अर्थ या देशात कुणालाच लागत नाही. घंटा झाली. मुलगी वहीत एकशे बाहत्तर लिहून, त्याखाली दोन रेघा मारून घरी गेली.

बाई जाताना फक्त "थँक यू" म्हणाल्या. पास की नापास, काही नाही.

बसमध्ये मला बसवेना. जागा असून दांडीला धरून उभा राहिलो. मास्तरकीत मी बरंच काही केलंय, छड्या मारल्यात, कान पिळलेत, पण चुकीचं उत्तर घेऊन पोराला घरी कधी जाऊ दिलं नव्हतं. ही तर दोन रेघा मारून घेऊन गेली. जेवताना मी पोरीच्या दप्तरातलं कोनमापक काढून बायकोला पोळीच्या कडेवर ती चूक करून दाखवली.

"तुझी नोकरी टांगणीला लागलीय," ती म्हणाली, "मित्राला परवा उत्तर द्यायचंय, आणि तू पोळीचा कोन मोजतोयस."

पोरगी म्हणाली, "बाबा, जस्ट कॉल द स्कूल."

शुक्रवारी सकाळी मी टाय न बांधता फोन उचलला आणि शाळेचा नंबर फिरवला. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "मास्तर, अजून काही ठरलेलं नाही. ठरलं की मीच..."

"ते नाही हो. त्या मुलीचं काय झालं?"

"कुठल्या मुलीचं?"

"दातांना तार आहे तिचं. एकशे बाहत्तरवाली. तिला सापडलं का?"

 त्यांनी फोनच्या तोंडावर हात ठेवून कुणाशी तरी इंग्रजीत बोललेलं ऐकू आलं, एक मोठं हसणं ऐकू आलं, आणि भराभरा बोललेलं काहीतरी, ज्यातला मला एक शब्दही लागला नाही.

"बाई इथेच उभ्या आहेत," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "त्या सांगतायत, पोरगी अजून एकशे बाहत्तरवरच आहे आणि सगळ्या वर्गाशी भांडतेय. आणि डॉक्टरांनी त्यांना सोमवारपासूनच घरी बसायला सांगितलंय. तेव्हा आता ती डोकेदुखी तुमची. सोमवारी आठ वाजता या."

"म्हणजे जूनपर्यंत?"

"जूनपर्यंत."

"प्रिन्सिपॉल काय म्हणाले?"

"शेजारीच उभे आहेत. मान हलवतायत. सरळ मान, मास्तर. तुमच्यासारखी नाही."

ग्वेल्फच्या मित्राला नकार देणं सोपं गेलं. तो म्हणाला, "जूनमध्ये ये मग, बिस्किटं कुठे पळत नाहीत." नाशिकचा फोन अवघड होता. संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी शाळा भरायच्या आधी, मी मुख्याध्यापकांना घरी गाठलं.

"काय सर, येताय ना? वर्ग लावतोय मी."

"नाही सर. इथे एक जागा मिळाली."

"अरे वा. कायमची?"

"जूनपर्यंत."

 त्यांच्या मागे कुकरची शिटी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

"जूनपर्यंतच्या नोकरीसाठी कायमची सोडताय. गणिताच्या मास्तराने मांडलेला हिशेब आहे का हा?"

मी म्हणालो, हिशेब नाही मांडलेला सर. ते म्हणाले, "तेच म्हटलं. असो. राजीनामा पाठवा, तारीख नीट घाला." रागावले नव्हते, पण दुखावले होते. फोन ठेवल्यावर मी पुन्हा ओट्यापासून सोफ्यापर्यंत फेऱ्या घालायला लागलो. बायकोने चहा ठेवला आणि काही बोलली नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. जागा मिळाली होती, पण पायांना अजून ते कळलं नव्हतं.

सोमवारी आठवीच्या दारात ती मुलगी माझी वाटच बघत उभी होती.

"सर, मला सापडलं. कागदाचा कोपरा नव्वदचा असतो ना? तो मी मधोमध दुमडला. पंचेचाळीस यायला पाहिजेत. एक्केचाळीस आले. म्हणजे त्रिकोण बरोबर आहेत, मीच कोनमापक चुकीचं ठेवत होते." तिने मला पट्टी दाखवली, रेघ दाखवली, जशी मी पोळीवर दाखवली होती तशी. कोपरा दुमडायची युक्ती मला जन्मात सुचली नसती. मी तर सरळ तिचा हात धरून खाली सरकवला असता.

"मग आता किती येतंय?"

"एकशे ब्याऐंशी."

"आणि बाकीचे?"

"ते अजून खोटंच बोलतायत."

ती वही पुढे धरून उभी राहिली. त्रिकोण छान होता, पण रेघा बोथट पेन्सिलीने काढलेल्या, दोरखंडासारख्या जाड. रेघेच्या या कडेपासून मोजलं तर एक, त्या कडेपासून मोजलं तर दुसरंच.

"सर, हे वरचे दोन कुठून आले?"

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो.

"मला माहीत नाही. तुम्ही सांगा ना."

मी कॉरिडॉरमध्ये डोकावून बघितलं. कुणी नव्हतं. आठवीच्या बाई घरी पाय वर करून बसल्या असतील. प्रिन्सिपॉलच्या खोलीचं दार बंद होतं. सगळा आठवडा पुढे होता आणि दोनच तर अंश होते. मी दार लोटून घेतलं.

"पेन्सिलीला टोक काढ," मी म्हणालो.